कारवान ते कॅराव्हॅन : औंढ्याच्या वाटेवरची फिरती घरे

१/
औंढा नागनाथ ते हिंगोली हे अंतर सुमारे २५ किमी. मोटारीने फार तर पाऊण तास. साडेतीनशे वर्षांपूर्वी लादलेल्या बैलांच्या तांड्याला एवढ्याच वाटेसाठी तीन दिवस लागले असते. आज जुनी व्हॅन विकत घ्यावी, तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करावी आणि रानात मुक्काम करत हिंडावे, ही हौस तरुणांत वाढते आहे. पण घर सोबत घेऊन चालणे मराठवाड्याला नवे नाही. हा धागा त्या जुन्या फिरत्या घरांचा, आणि त्यांना मुक्कामाची परवानगी कोण देत होते या प्रश्नाचा.

२/
आधी शब्दाची गोष्ट. ‘कारवान’ हा मूळ फारसी शब्द. एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा काफिला, हा त्याचा अर्थ. युरोपात जाऊन तो ‘कॅराव्हॅन’ झाला. इंग्रजांनी त्याचा पुढचा भाग छाटला आणि ‘व्हॅन’ उरली. हैदराबादेत ‘कारवान’ नावाची जुनी वस्ती आजही आहे, आणि औंढा कित्येक पिढ्या त्याच हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या व्हॅनचे नाव दक्षिणेला अनोळखी नाही. ते फार लांबचा फेरा घालून परत आले आहे.

३/
मराठवाड्यातील खरा कारवान म्हणजे बंजारा, अर्थात लमाणांचा तांडा. ‘लमाण’ या नावाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मिठाशी जोडला जातो. किनाऱ्याचे मीठ देशावर आणि देशावरचे धान्य जिथे तुटवडा असेल तिथे, असा त्यांचा व्यापार होता. त्यालाच ‘लदेणी’ म्हणत. गाड्या नव्हत्या, गोण्या थेट बैलांच्या पाठीवर लादल्या जात. बायका, मुले, कुत्री, भांडी असे सारे घर बरोबर चाले. मुक्कामावर गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचली जाई. नायकाच्या शब्दावर तांडा थांबे आणि त्याच्याच शब्दावर उठे.

४/
या तांड्यांचा आकार आज कल्पनेबाहेरचा वाटतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणारा १४,००० बैलांचा तांडा भेटला. त्याच शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. एका बैलावर केवळ १०० किलो ओझे धरले, तरी मंडीने पाहिलेल्या तांड्यावर १,४०० टन माल होतो. दहा टनी ट्रकांत भरायचा तर १४० ट्रक लागतील. वेग मात्र दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक नव्हता, कारण बैलांना वाटेत चरायचे असे.

५/
या शेवटच्या वाक्यातच सगळा इतिहास आहे. डिझेलचे इंजिन पंपावर पोट भरते. बैल वाटेवरच्या गवतावर भरतो. म्हणून तांड्याला फक्त रस्ता मिळून भागत नसे. मुक्कामाला जागा, प्यायला पाणी आणि चरायला कुरण, या तिन्ही गोष्टी गावोगाव मिळाल्या तरच तो पुढे सरके. आणि या तिन्ही गोष्टी कुणाच्या तरी मालकीच्या असत.

६/
यासंबंधी एक विलक्षण परंपरा आहे. १६३०च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान दख्खनच्या मोहिमेवर आला. भंगी आणि जंगी हे राठोड नायक १,८०,००० बैल घेऊन त्याच्या फौजेला रसद पुरवीत होते, असे सांगितले जाते. त्यांच्याबरोबर भगवानदास वडतिया हा नायक ५२,००० बैल घेऊन होता. इतके बैल म्हटल्यावर वैरण-पाण्यावरून गावांशी तंटे होणारच. तेव्हा आसफखानाने भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, अशी ही परंपरा सांगते.

७/
त्या ताम्रपटात तीन सवलती होत्या. दुसरीकडे पाणी न मिळाल्यास घरातल्या रांजणातले पाणी घ्यावे. वैरण न मिळाल्यास छपराचे गवत काढावे. आणि दिवसाला तीन खून माफ. अट एकच : फौजेचे घोडे जिथे जातील तिथे तांड्याचे बैल पोहोचले पाहिजेत. वऱ्हाड पोलिसांतील कंबरलेज या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ही परंपरा नोंदवून ठेवली. हैदराबादच्या दरबारात त्या घराण्याला मान होता, असेही तो सांगतो.

८/
बैलांचे आकडे फुगलेले असू शकतात. परंपरेत तसे होतेच. पण सवलतींचा क्रम पाहावा. आधी पाणी, मग गवत, मग रक्त. मुक्कामाचा हक्क ही किती गंभीर बाब होती, हे त्यातून कळते. त्याच वेळी दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. १६३०-३२ या वर्षांत गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. रांजण रिकामा होणारा आणि छप्पर उघडे पडणारा शेतकरीही माणूसच होता, आणि त्याच्या हाती कोणताही ताम्रपट नव्हता.

९/
तांड्यांची गरज पुढेही टिकली. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने दख्खनच्या मोहिमेत धान्यासाठी बंजाऱ्यांवर भिस्त ठेवली. २३ सप्टेंबरची असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यातली. तिची वर्णने तोफा आणि घोडदळाने भरलेली असतात. पण त्या फौजेच्या पोटाची काळजी वाहणारे बैल कुण्या नायकाचे होते.

१०/
मग रस्त्यांबद्दलचा संशय वाढला, आणि त्या कथेत हिंगोली थेट येते. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर हा तेव्हा तरुण लष्करी अधिकारी. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ची. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हिंगोलीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. स्वतः टेलर आणि इतर गोरे अधिकारी त्याच्याशी व्यवहार करीत. पुढे उघड झाले की तो त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता.

११/
या प्रसंगाचा उपरोध तीव्र आहे. हरिसिंग भटका नव्हता. तो बाजारात दुकान मांडून बसलेला, घरदार असलेला माणूस होता. तरीही पुढच्या काळात राज्ययंत्रणेची नजर वळली ती घर नसलेल्यांकडे. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. त्यानुसार संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरवता येऊ लागली. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय हालचालीस बंदी. जो मुक्काम एके काळी फौजेची गरज होता, तोच आता गुन्ह्याची खूण ठरला.

१२/
दुसरा घाव रुळांनी घातला. १९००च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग मराठवाड्यातून गेला. पुढे पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत फाटा आला. मीठ आणि धान्य डब्यांतून जाऊ लागले. लदेणी संपली. तांडे गावकुसाबाहेर स्थिरावले आणि ‘तांडा’ हा चालत्या काफिल्याचा शब्द वस्तीचे नाव बनला. हिंगोली, वाशीम, यवतमाळ भागांत गावांच्या नावांपुढे लागणारा ‘तांडा’ म्हणजे थांबलेल्या प्रवासाची नोंद आहे.

१३/
याच काळात इंग्लंडमध्ये नेमके उलटे घडले. रोमा लोक घोड्यांच्या घरगाड्यांतून हिंडत आणि जागोजागी हुसकले जात. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यवैद्याने निव्वळ हौसेखातर तशीच आलिशान गाडी बांधवून घेतली. ‘द वाँडरर’ हे तिचे नाव. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. हौशी कॅराव्हॅन प्रवासाचा आरंभ तिच्यापासून मानतात. गाडीची कल्पना रोमांची. मुक्कामाची प्रतिष्ठा मात्र डॉक्टरांना मिळाली.

१४/
आता ‘जुनी गाडी घेणे’ याकडे वळू. तीही परंपराच. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बाजारात बैल घेणारा आधी तोंड उघडून दात पाहतो : आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग चालवून पाहतो. मारका आहे का, बसका आहे का, याची चौकशी करतो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरे, आणि सौदा पटला की पावती. विकणारा बैलाची खोड स्वतःहून सांगत नाही, हे घेणाऱ्याने गृहीतच धरलेले असते.

१५/
जुन्या व्हॅनची परीक्षा फार वेगळी नाही. दातांच्या जागी चासी क्रमांक. तो आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळला पाहिजे. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३०. गाडीवर कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा नमुना ३५. आणि सर्वांत मोठी खोड आतल्या बदलांत लपलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. आधीच्या मालकाने हौसेने पलंग, ओटा बसवला असेल, पण नोंदणीत गाडी अजून मालवाहू असेल, तर बैल दिसायला देखणा आणि चालायला बसका.

१६/
कागद जुळले, तरी जुना प्रश्न उरतोच : रात्री थांबायचे कुठे? २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात वाहनांबरोबरच कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, म्हणजे गाडी उभी करायला नेमून दिलेली, सोयी असलेली जागा. रांजण आणि छप्पर यांची ही आधुनिक सोय. खून अर्थातच माफ नाहीत. पार्कबाहेरचे रान मात्र कुणाचे ना कुणाचे असते : वनखात्याचे, गावच्या गायरानाचे किंवा शेतकऱ्याचे. तिथे विचारूनच थांबावे लागते.

१७/
दुसऱ्या बाजूला १८७१च्या कायद्याची सावली आहे. तो १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. वसंतराव नाईक यांच्या रूपाने बंजारा समाजातील नेता १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. पण सगळ्यांची वाट इतकी पुढे गेली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८च्या अहवालात भटक्या-विमुक्तांकडे घर, जमीन आणि कागदपत्रे नसल्याचे वास्तव मांडले. माळरानावर पाल ठोकणाऱ्या कुटुंबाला गावात आजही पहिला प्रश्न पडतो तो संशयाचा.

१८/
औंढ्याच्या नागनाथासमोर यादवकाळापासून वाटसरू येत आले आहेत. नामदेवांना गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, अशी वारकरी परंपरा सांगते. ती भेटही प्रवासातलीच. उद्या एखादी जुनी व्हॅन या डोंगरात मुक्कामाला आली, तर तिच्यातल्या तरुणांना कोणीतरी कौतुकाने पाणी आणून देईल. तसे व्हावेच. मात्र जवळच एखादे पाल दिसले, तर त्यातल्या माणसांकडेही तेवढे पाणी पोहोचले का, हे त्यांनी विचारावे. या वाटेवर मुक्कामाची रीत पाडणारे त्या पालातल्यांचेच पूर्वज होते.