सिकलसेल : भौतिकी आणि गणित

तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठ करणारा आनुवंशिक रक्तविकार. विदर्भ, छत्तीसगड आणि महाकोशलातील आदिवासी व काही अनुसूचित जातींमध्ये तो विशेष आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जबलपूर येथील आदिवासी आरोग्य संशोधन संस्था (स्थापना १९८४) त्यावर काम करते. देहातली घडामोड भौतिकी व गणिताने इतकी स्वच्छ उलगडावी, असे आजार थोडेच.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्यानेच ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. मात्र ते लगेच बनत नाहीत. आधी काही काळ जवळजवळ काहीच घडत नाही आणि मग सारे एकदम घडते. हा विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे ३०व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे विल्यम ईटन व जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७०च्या दशकात दाखवले. संहती ५ टक्क्यांनी वाढली, तरी तो पाव हिश्श्याहून कमी उरतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून पार झाली तर निभावते. आतच ताठली तर रक्ताची वाट अडते आणि असह्य कळा येतात. रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात ते पेशीतली संहती वाढू नये यासाठी. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवून विलंबकाळ लांबवते.

इतका घातक जनुक टिकला कसा? जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडले. समजा, हिवतापामुळे बिनवाहक माणसे वाहकांपेक्षा १० टक्क्यांनी कमी टिकली आणि रुग्णांना संतती झालीच नाही. तर जनुकाचे प्रमाण ०.१ ÷ १.१, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते. मध्य प्रदेशातील मंडला-डिंडोरीचा जंगलपट्टा हिवतापाचाच. पण हे सूत्र सरसकट लावू नये: लग्ने जमातीतल्या जमातीत होत असल्याने प्रत्येक जमातीचे प्रमाण वेगळे मोजावे लागते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. तपासणीनंतरच्या समुपदेशनात एक गणित हमखास चुकते. आई-वडील दोघेही वाहक असले, तर मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पण पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. प्रत्येक गर्भारपणी ही शक्यता नव्याने तेवढीच असते.