फळा नसलेली शाळा : कोल्हापूर, १९२०

१९२० च्या सुमारास सिनेमात शिरू पाहणाऱ्या मराठी मुलासाठी कोठलीही शाळा नव्हती. होती ती बाबूराव पेंटर यांची कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनी. खुद्द बाबूरावांनाही कोणी शिकवले नव्हते. बंधू आनंदरावांसह त्यांनी कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तल्यावर तो शिष्य दामले यांच्या साथीने पुरा केला.

या कंपनीत विशीही न गाठलेला शांताराम वणकुद्रे दाखल झाला. त्यापूर्वी त्याने हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले होते. येथे पडेल ते काम करायचे आणि गुरूचा हात पाहत शिकायचे. बाबूराव वेशभूषा, हालचाली आधी कागदावर रेखाटत. तीच रेखाटने हा अभ्यासक्रम. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाला तो हाच शांताराम.

मात्र हे दार सर्वांना उघडे नव्हते. शांतारामाला आत नेणारे बाबूराव पेंढारकर त्याचे मावसभाऊ होते. गुणांआधी ओळख लागे.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या शिष्यांनी सीताराम कुलकर्णींच्या आर्थिक साथीने कोल्हापुरातच ‘प्रभात’ उभारली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले.