वानर, घुबड आणि आगराचा न्याय

रत्नागिरीच्या नारळी-पोफळीच्या आगरांत व देवराहाट्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे दोन जीव, दिवसा कळपाने हिंडून शहाळ्या-आंब्यांची नासाडी करणारा वानर आणि रात्री एकट्याने उंदीर टिपून भाताच्या कणग्या राखणारे गव्हाणी घुबड, यांना लोकमानसाने दिलेला न्याय मोठा विपरीत होय. मारुतीच्या कुळातला म्हणून पहिल्यास वंदन, आणि लक्ष्मीचे वाहन असूनही दुसऱ्यास अपशकुनाचा ठपका! तथापि नुकसान अनावर झाले, की पातक आपल्या माथी न घेता वानरमारे या कातकरी शाखेच्या शिकाऱ्यांस पाचारण करण्याचा रिवाजही बागाइतदारांत होता. सोय चतुर खरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानर व घुबड दोघांसही सरकारी अभय मिळाले, आणि त्या शिकाऱ्यांचा पिढीजात पेशा मात्र बेकायदा ठरला.