मुशीतून तगलेला मुलूख

विटा, खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्यातला पर्जन्यछायेचा मुलूख. बाजरीवर घर भागेना, तेव्हा इथली पोरं परमुलखाला निघाली आणि केरळपासून कोलकात्यापर्यंतच्या सराफी गल्ल्यांत त्यांच्या गलाईच्या भट्ट्या पेटल्या. मोडीच्या दागिन्यांतून चोख सोनं-चांदी वेगळी काढायची, ही गलाई. १९७२च्या दुष्काळात माझे वडील चुलत्यांच्या मागोमाग त्रिशूरला गेले. आधी भाता मारला, मग मुशीला हात लागला.

सोनं शुद्ध करण्याची विद्या जुनीच. अकबराच्या टांकसाळीतली रीत अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवली आहे. आमच्या माणसांची रीत तेजाबाची, म्हणजे नायट्रिक ॲसिडची. तिची मेख अशी, की सोनं चोख करायचं तर आधी त्यात चांदी मिसळायची. सोन्याचा अंश जास्त असला की तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. म्हणून एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी धरून मूस भट्टीत ठेवायची. रस पाण्यात ओतला की त्याचे दाणे होतात. ते तेजाबात उकळले की तांबूस वाफ उठते, चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन टाकणखार घालून वितळवली की पिवळंधमक सोनं. वरच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबं विरघळू लागतं, पाणी निळं होतं आणि चांदी खाली बसते. भट्टीची राख आणि दुकानातला केरही धुऊन घ्यायचा. त्यातही सोन्याचे कण असतात.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तांबं चांदीला द्रावणातून बाहेर काढतं, हे माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून कळतं. चौथी शिकलेल्या माझ्या वडिलांना ते पाण्याच्या रंगावरून कळायचं. बघून, चुकून, पुन्हा करून मिळवलेलं हे ज्ञान चुलत्यानं पुतण्याला दिलं. त्याच्या कमाईतून गावाकडं विहिरी खोदल्या गेल्या, बहिणींची लग्नं झाली, माझ्यासारख्या मुली शिकल्या.

त्याची किंमत मात्र छातीनं मोजली. कोंदट खोलीतली ती तांबूस वाफ फुप्फुसं जाळते. वडिलांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. आपल्या रसायनशास्त्राच्या इतिहासात गलाईवाल्यांचं पान असायलाच हवं. पण त्याही आधी, आज भट्टीपुढं उभ्या असलेल्या प्रत्येक पोराला वाफ बाहेर ओढणारं धुराडं मिळायला हवं.