128 पुढचं प्रश्नचिन्ह

सेंट पीटर्सबर्ग. रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे 17 फेब्रुवारी 1869. विद्यापीठाच्या आवारातल्या घरात पस्तिशीचे प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह लिहीत बसलेत. त्यांना चीजचे कारखाने पाहायला जायचं होतं. त्याबद्दलचं पत्र टेबलावर आहे. त्यावर कपाचा गोल डाग पडलाय आणि मागच्या बाजूला आकडेमोड सुरू झालीय.

तुम्ही जवळ जाऊन वाकून पाहता. त्यांच्या पाठ्यपुस्तकात क्लोरीन-ब्रोमीनचं हॅलोजन घराणं लिहून झालं. आता सोडियम-पोटॅशियमचं घराणं घ्यायचं, पण त्याच्यानंतर कोण? हे ठरवायला ते अणुभार शेजारी-शेजारी मांडतात. क्लोरीन 35.5, पोटॅशियम 39. ब्रोमीन 80, रुबिडियम 85. आयोडीन 127, सीझियम 133. एकीकडे क्लोरीनसारखा गुदमरवणारा वायू, दुसरीकडे पाण्यात टाकताच पेट घेणारा मऊ धातू. स्वभावाने दोन टोकं, आणि तरी दर वेळी वजनात थोडासाच फरक. तुमच्या अंगावर काटा येतो.

आता मोठा कागद. वजनं वरून खाली वाढत जातात, सख्खी मूलद्रव्यं आडव्या ओळीत येतात. आपली आवर्तसारणी जणू कुशीवर वळलेली. खाडाखोड इतकी की कागदाला श्वास घ्यायला जागा नाही.

टेल्युरियमपाशी गाडी अडते. त्याचा अणुभार 128, आयोडीनचा 127. वजन पाहिलं तर आयोडीन आधी यायला हवं. पण मग ते गंधक आणि सेलेनियमच्या ओळीत जाऊन पडेल, आणि त्याचं सगळं वागणं तर क्लोरीन-ब्रोमीनसारखं! मेंडेलीव्ह त्याला ब्रोमीनच्याच ओळीत ठेवतात आणि टेल्युरियमच्या 128 पुढे प्रश्नचिन्ह काढतात: हे वजनच चुकलं असेल. या माणसाचं मोठेपण मला इथे सगळ्यात जास्त दिसतं. ॲल्युमिनियमच्या ओळीत ते लिहितात ‘? = 68’, सिलिकॉनच्या ओळीत ‘? = 70’. या वजनांची मूलद्रव्यं अजून कोणीही पाहिलेली नाहीत.

सहा वर्षं पुढे या. 1875, फ्रान्स. लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम सापडतं, ॲल्युमिनियमच्या ओळीतलं. ते घनता सांगतात 4.7. मेंडेलीव्ह कळवतात, सुमारे 6 असायला हवी. ब्वाबोद्राँ धातू आणखी शुद्ध करून घनता पुन्हा मोजतात, तर 5.9!

टेल्युरियमचं वजन मात्र चुकलेलं नव्हतंच; ते खरोखरच आयोडीनपेक्षा जड आहे. 1913 मध्ये हेन्री मोझ्ली क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवतात की खरा क्रम वजनाचा नाही, अणुअंकाचा. टेल्युरियम 52, आयोडीन 53. मेंडेलीव्ह यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली आहेत.