तसबीर काढण्यापूर्वीं

जुन्या वाड्यांच्या माजघरांत टांगलेल्या तसबिरी पाहून हल्लींच्या तरुण मंडळींस हंसूं येतें. पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, डोक्यावर पगडी, एक हात पुस्तकावर; शेजारीं पणजी उभी, तिचे डोळे वटारल्यासारखे. हीं माणसें इतकीं लांकडी कां दिसतात, असें कोणी विचारतो आणि सगळा दोष फोटोग्राफराच्या माथीं मारून मोकळा होतो. हा न्याय आम्हांस उथळ वाटतो. त्या ताठपणाचें थोडेसें कारण रसायनशास्त्रांत आहे. बाकीचें, तसबिरींत बसलेल्या माणसानें आधीं काय ठरविलें होतें, यांत आहे.

प्रथम रसायनशास्त्राचें. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या विद्येच्या पहिल्या एतद्देशीय उपासकांपैकीं. त्या वर्गांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर तिचा धंदाच केला, व त्यांच्या तसबिरी १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापर्यंत गेल्या. त्या काळीं कांचेवर कलोडियन ओतून ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवीत, आणि ओली आहे तोंच तिजवर चित्र घेऊन लगोलग अंधाऱ्या खोलींत धूत. उजेड काय तो छपराच्या कांचेंतून येईल तेवढाच. बसणाऱ्यास कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. म्हणून मानेमागें लोखंडी टेकू लावीत, आणि त्या टेकूचा पाय कधीं कधीं उभ्या माणसाच्या मागून चित्रांत डोकावतो. इतका वेळ हंसूं टिकत नाहीं. टिकविलेंच तर तें विद्रूप दिसतें. तेव्हां मुद्रा कोणती ठेवावी, हात कोठें असावे, पाठीमागचा रंगविलेला पडदा उद्यानाचा असावा कीं खांबांचा, हें सर्व कॅमेऱ्याचें झांकण काढण्यापूर्वींच ठरवावें लागे. पुढें १८८० नंतर कोरड्या कांचा सर्रास मिळूं लागल्या व काम क्षणावर आलें, तरी बसण्याची रीत फारशी बदलली नाहीं. यावरूनच ती केवळ नाइलाजाची नव्हती हें दिसून येतें.

लोकांच्या मनांतील भीति हेंहि एक प्रकरण होतेंच. दादासाहेब फाळके यांनीं चलच्चित्रांकडे वळण्यापूर्वीं गोध्रा येथें स्टुडिओ घातला होता. पुढें बडोद्यास हा धंदा करीत असतां, कॅमेरा अंगांतील शक्ति ओढून घेतो व त्यानें माणूस मरतो, अशी वदंता पसरून धंदा बसला, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ज्या समाजांत अशी समजूत होती, तेथें कॅमेऱ्यापुढें जाऊन बसणें हाच एक निश्चय होता.

तसबिरींतील असा निश्चय किती आधीं झालेला असूं शकतो, याचें बोलकें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन परदेशी विद्यार्थिनींची एकत्र तसबीर निघाली: आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबत इस्लामबूली. तिघीहि आपापल्या देशाच्या पोषाखांत आहेत. आनंदीबाईंपुरतें बोलावयाचें तर तो पोषाख त्या दिवसासाठीं चढविलेला नव्हे. अमेरिकेस निघण्यापूर्वीं, १८८३ मध्यें, बंगालमधील सेरामपूर येथें भर सभेंत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं सांगितलें होतें. पदर कसा दिसावा हें फोटोग्राफरानें सुचविलें असेल. अंगावर साडी असावी, हें अडीच वर्षांपूर्वींच ठरलें होतें.

त्या चित्राखालीं जीं नांवें छापलीं आहेत त्यांत तिघींनाहि डॉक्टर म्हटलें आहे. वस्तुतः त्या दिवशीं एकीलाहि पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंस ती ११ मार्च १८८६ रोजीं मिळाली, ओकामीबाईंस १८८९ सालीं व इस्लामबूलीबाईंस १८९० सालीं. म्हणजे ती ओळ मागाहून घातलेली. साबत हें नांव तर तेथें ‘ताबत’ असें पडलें आहे. तसबीर पुरावा म्हणून पाहतांना चेहऱ्याइतकाच चेहऱ्याखालचा मजकूरहि पारखून घ्यावा लागतो, तो असा. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणुकीवर रुजू होण्याचें आनंदीबाईंच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या पुण्यांत वारल्या, तेव्हां त्यांस बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. रोगी तपासणाऱ्या आनंदीबाई महाराष्ट्रानें पाहिल्याच नाहींत. त्याच्या वांट्यास आल्या त्या मोजक्या तसबिरी.

एका घराची तसबीर सर्व महाराष्ट्राची कशी झाली, हें पाहावयाचें तर पुण्याच्या सदाशिव पेठेंत यावें लागतें. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७८ सालीं काढलेली चित्रशाळा प्रथम देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं शिळाछापाचीं चित्रें छापी. तिचें रामपंचायतन घरोघर गेलें. पुढें १०२६ सदाशिव पेठ हा तिचा पत्ता मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. १९१० मध्यें तिनें ‘चित्रमय जगत्’ हें मासिक काढलें. शिळेवर चित्र उतरावयाचें तर चित्रकाराचा हात मध्यें येई. हाफटोन ठशामुळें फोटोच बारीक ठिपक्यांच्या रूपानें कागदावर छापतां येऊं लागला. लाभ मोठाच, पण त्यांत कांहीं गेलेंहि. मासिकांच्या पानांत जागा थोडी. म्हणून खुर्ची, पडदा, हात हें सर्व कापून छातीपर्यंतचा भाग लंबगोलांत बसविण्याची चाल पडली. बसणाऱ्यानें विचारपूर्वक जें जवळ ठेविलें होतें, नेमकें तेंच गळालें. आम्हांस ही काटछांट खटकते. हातांत कोणतें पुस्तक घ्यावें याचा ज्यानें विचार केला, त्याचें निम्में म्हणणें त्या पुस्तकांत होतें.

घरगुती तसबिरींत हें सगळें शाबूत आहे. गेलें आहे तें नांव. सदाशिव पेठेंतले कितीतरी वाडे पाडले जाऊन तेथें इमारती उठल्या. बिऱ्हाडें हलतांना चौकटी फुटतात, चित्रें जुन्या बाजारांत जातात. पुठ्ठ्यावर स्टुडिओचें नांव व गांव सोनेरी अक्षरांत स्पष्ट असतें. ज्याची तसबीर, त्याचें नांव लिहून ठेवण्याचें कोणास सुचलें नाहीं. कारण घरांत तें सर्वांस ठाऊक होतें.