मृतांची वही

ज्युबिलीच्या आनंदांत मृतांची आठवण कशाला, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, आज देवळांत जितके आम्ही बसतों त्याहून कितीतरी अधिक धर्मबंधु देवळाच्या आवारांत मातीखालीं निजले आहेत.

वसईकडील आमच्या खेड्यांत पूर्वीं मरण हें एका घरापुरतें दुःख नसे. देवळाची घंटा संथपणें वाजूं लागली कीं शेतांतला माणूस हातचें काम थांबवी व कोण गेलें म्हणून विचारी. शेजारी खड्डा खणीत, तरुण खांदा देत, आणि दुःखी घरीं जेवण शेजारून येई. सातव्या व तिसाव्या दिवशीं मिस्सा होई. २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लागत, त्या आजही लागतात.

परंतु दगडी क्रूस सर्वांच्याच नशिबीं नव्हता. लाकडी क्रूस कांहीं पावसाळ्यांत कुजे. जागा थोडी, म्हणून त्याच मातींत पुढें दुसऱ्यास ठेवीत. मग गरिबाचें नांव राहिलें कोठें? तें राहिलें धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहींत. पोप पांचवे पॉल ह्यांच्या १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें अशी वही ठेवण्याचा नियम घालून दिला. मृताचें नांव, वय, मृत्यूचा दिवस, मिळालेले संस्कार व दफनाचें ठिकाण तींत लिहावयाचें असे. वाडीचा मालक असो वा त्याच वाडींतला मजूर, नोंद दोघांचीही सारखीच.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें तर हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. जेथें खांदेकरीच अंथरुणास खिळले, तेथें थडग्यावर दगड कोण बसविणार? अशा कित्येकांची खूण म्हणजे पाद्रीबुवांनीं घाईघाईनें लिहिलेली ती नोंद.

१९६९ सालीं अंत्यविधीचा नवा क्रम आला. लॅटिन प्रार्थनांच्या जागीं मराठी प्रार्थना रूढ झाल्या. वहीचा नियम मात्र कायम आहे. पण जुना कागद ठिसूळ होतो, शाई फिकी पडते. ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही कमानी उभारतों, रोषणाई करितों. त्याच खर्चांतून जुन्या वह्यांची एक स्वच्छ नक्कल करून घ्यावी, आणि दर २ नोव्हेंबरला त्यांतील कांहीं नांवें देवळांत मोठ्यानें वाचावीं, अशी आमची विनंती आहे. एके दिवशीं आमचेंही नांव त्याच वहींत चढणार आहे. तें वाचावयास कोणी तरी असावें.